थोरली पाती, धाकटी पाती आणि चिलटं

सत्यनारायणाच्या पूजेचं पहिलं आमंत्रण आमच्या घरी चिलटांना जातं. गुरुजी सकाळी नऊला येतात, पाहुणे आरतीच्या सुमाराला, पण चिलटं आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला असतात. केळी त्या संध्याकाळी येतात ना! फणी खुंटीला टांगली की तासाभरात तिच्याभोवती बारीक, लालडोळी, निरुद्योगी अशी एक सभा भरते. आत्या पदराने ती उधळून लावते आणि म्हणते, "केळी पिकून राहिली आहेत, आता ही मेली येऊनच राहणार."

हे वाक्य ऐकलं की पुण्याच्या माझ्या चुलतभावाच्या कपाळावर आठी पडते. "पिकून राहिली नव्हे आत्या, पिकतायत." आत्या शांतपणे म्हणते, "तेच तर सांगून राहिले आहे."

आमचं घर धारचं. कुणी एक पूर्वज पवारांच्या पदरी कारकुनी करायला आला आणि परतीचं भाडं जमेना म्हणून राहिला, असं आजोबा सांगत. वडील निसरपुरला मास्तर होते, त्यामुळे माझं अर्धं बालपण धारला आणि अर्धं निसरपुरला गेलं. निसरपुर म्हणजे कुक्षी तालुक्यातलं, उरी-बाघनी नदीच्या काठचं बाजाराचं गाव. कापूस, मिरची, केळी, पपई असा सगळा निमाड तिथे बाजाराच्या दिवशी गोणपाटावर मांडलेला असे. घरात मराठी, धारच्या गल्लीत माळवी, निसरपुरच्या बाजारात निमाडी आणि शाळेत हिंदी. चार भाषांचं हे पाणी एकाच घशातून जायचं म्हटल्यावर थोडी सरमिसळ होणारच. आमच्या पोह्यांवर शेव असते आणि सोबत जिलबी, त्याच ताटात दिवाळीला चकलीही असते आणि दालबाफलेही. पुण्याच्या भावाने एकदा या सगळ्याला एका शब्दात गुंडाळलं. म्हणाला, "तुम्ही लोक हायब्रीड!"

त्या काळात हायब्रीड म्हणजे शिवीच होती. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, कणग्या भरल्या, पण जुन्या माणसांना त्या भाकरीची चव काही पटेना. मग जे जे दिसायला भरघोस आणि आतून पोकळ, ते सगळं हायब्रीड ठरलं. उंच पण किरकोळ मुलगा हायब्रीड, हसतमुख पण लबाड व्यापारी हायब्रीड. त्या रांगेत आम्हीही जाऊन बसलो.

या शब्दाशी माझी खरी गाठ पडली ती कॉलेजात. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका फळीवर काचेच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. आत चिलटं. आमच्या निसरपुरच्या केळ्यांवरची, हुबेहूब तीच! फरक एवढाच की इथे त्यांना ड्रोसोफिला म्हणायचं आणि पदराने हाकलायचं नाही. ईथरचा वास देऊन त्यांना गुंगवायचं, पांढऱ्या फरशीवर पसरायचं आणि भिंगाखाली नर-मादी वेगळे करायचे. नर लहान, पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर एक इवलासा कंगवा. मादी मोठी, टोकाला निमुळती. ईथर कमी पडलं तर मोजणी अर्ध्यावर असतानाच उपवर-उपवधू उडून जात आणि सरांना आकडे सांगताना आपण थोडे हायब्रीड होत असू.

इथे एक खुलासा केला पाहिजे. शेतकरी जिला फळमाशी म्हणतो आणि पेरू किडला की जिच्या नावाने बोटं मोडतो, ती ही नव्हे. तिचं कूळ वेगळं. चिलट चांगलं फळ नासवत नाही. फळ उतरायला लागलं की त्यावर जे यीस्ट धरतं, ते खायला ते येतं. म्हणजे हा चोर नव्हे, पंगत उठल्यावर येणारा पाहुणा. अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० साली याच पाहुण्यांत लाल डोळ्यांऐवजी पांढऱ्या डोळ्यांचा एक नर पाहिला आणि त्याच्या नातवंडांचा हिशोब मांडताना जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात हे दाखवलं. आपल्याकडेही १९७० च्या दशकात वैद्य आणि गोडबोले या दोघांनी पुणे आणि आसपासच्या चिलटांच्या जातींची पद्धतशीर नोंद केली. पुण्यात चिलटांचंसुद्धा कूळ तपासलं जातं आणि तपासणाऱ्यांची नावं वैद्य-गोडबोले असतात, याचं मला तिळमात्र नवल वाटलं नाही.

चिलटाच्या पेशीत गुणसूत्रांच्या चार जोड्या. हे समजायला आमच्याकडच्या माणसाने फार लांब जायला नको, देवासला गेलं तरी पुरे. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवास घेतलं आणि पुढे त्याच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, आणि हद्द गावाच्या मधून गेलेली. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांनाही या कारभाराची मोठी मौज वाटे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, पण प्रत्येक पेशीत मात्र हे देवास अजून चालू आहे. आईकडून आलेली एक पाती, बापाकडून आलेली एक पाती. प्रत्येक जनुकाचे दोन हुकूम निघतात आणि दोहोंच्या बेरजेवर संसार चालतो.

अपवाद एकाच जोडीचा. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात. नराकडे एक एक्स आणि त्याच्यासमोर वाय. एक्सवर दोन हजारांहून जास्त जनुकं, तर वायवर प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम डझन-दीड डझन. माणसात निदान नर घडवण्याचं काम तरी वायकडे आहे, चिलटात तेही नाही. वाय नसलेलं चिलट दिसायला पुरता नर असतं, पंख हलवून गातं, माद्यांच्या मागेही लागतं, फक्त त्याला पोरं होत नाहीत. थोडक्यात, नराच्या त्या दालनात थोरल्या पातीवर कामाचा डोंगर आणि धाकट्या पातीवर नुसता शिक्का.

मग प्रश्न असा की दोन एक्सचं काम एक एक्स कसं निभावतो? १९६५ साली ए. एस. मुखर्जी आणि जर्मनीचे वोल्फगांग बेअरमान यांनी ते मोजलं. चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं चांगली जाडजूड असतात, सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे-पट्टे दिसतात. त्यांनी तिथे किरणोत्सारी कच्चा माल दिला आणि कोणतं गुणसूत्र किती आरएनए बनवतं, म्हणजे किती हुकूम लिहून बाहेर पाठवतं, ते ठिपके मोजून पाहिलं. नराचा एकटा एक्स जवळजवळ तेवढेच हुकूम काढत होता जेवढे मादीचे दोन मिळून काढतात. नर अर्ध्यावर भागवत नव्हता. एकटा एक्स दुप्पट राबत होता.

हे वाचलं तेव्हा मला आत्या आठवली. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती दोन मुलांना घेऊन माहेरी आली. सकाळी शिवण, दुपारी पापड, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या. दोघांचं काम एकटीने केलं आणि कुणाला कमी पडल्याचं कळूही दिलं नाही. बाकीच्या घरात दोघं मिळून जेवढं करत, तेवढंच तिच्या घरात होई, ना कमी ना जास्त. गंमत अशी की एकट्या एक्सला हे आपोआप जमत नाही. त्याला उसकवणारी प्रथिनांची एक टोळी असते, ती नराच्या एक्सवर जाऊन बसते आणि त्याची घडी मोकळी करते. आत्याच्या मागे आजी बसलेली असे, तसंच.

जनुकाचा हा हुकूम म्हणजेच त्याची अभिव्यक्ती. शिऱ्याची कृती आमच्या घरच्या वहीत आहे, गल्लीतल्या प्रत्येक वहीत आहे. पण शिरा रोज होत नाही. वहीतलं कोणतं पान कधी उघडायचं आणि त्यातून किती माणसांचं करायचं, यावर सगळं आहे. प्रत्येक पेशीत वही तीच असते. डोळ्याच्या पेशीत एक पान उघडतं आणि आतड्याच्या पेशीत दुसरं, एवढंच. आणि पान उघडलं तरी प्रमाण चुकलं की प्रसादाचा शिरा होत नाही, खळ होते.

आता हायब्रीडांकडे. ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर आणि ड्रोसोफिला सिम्युलन्स या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की १९१९ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी सांगेपर्यंत त्या दोन आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना कळलं तेही संकर बिघडला म्हणून. मेलॅनोगास्टरची मादी आणि सिम्युलन्सचा नर यांचं लग्न लावलं तर मुली जगतात पण त्यांना पोरं होत नाहीत, आणि मुलगे तर वयात येण्याआधीच संपतात. जोडी उलटी लावली की मुलगे जगतात, तेही वांझ, आणि मुली बहुतेक नाहीशा होतात. नुसत्या पत्रिका जुळवून भागत नाही, वरपक्ष कोण आणि वधूपक्ष कोण तेही पाहावं लागतं.

या प्रकरणात एक नियम आहे आणि तो सांगणारा माणूस आपल्याकडचा, निदान शेवटी आपला झालेला. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली लिहिलं की दोन जातींच्या संकरात एकच लिंग बिघडत असेल तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं असतं. चिलटात आणि आपल्यात ते नर, पक्ष्यांत आणि फुलपाखरांत माद्या. कारणांपैकी एक साधं आहे. मुलीकडे दोन्ही घरांचे एक्स असतात, एकाचा दोष दुसरा पदराखाली घेतो. मुलाकडे एकच एक्स, पदर कुठून आणायचा? असा हा हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, कुर्ता घालू लागला, मांसाहार सोडला, १९६१ साली भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. हायब्रीडांच्या वांझपणाचा नियम सांगणारा हा माणूस स्वतः इतका छान हायब्रीड निघाला, याचं त्यालाही हसू आलं असेल.

पण मुलगे मरतात ते नेमकं कोणामुळे? १९७९ साली जपानच्या वातानाबे यांना सिम्युलन्सचा एक वाण मिळाला, त्याच्याशी संकर केला की मुलगे जगू लागले. पुढे १९८७ साली मेलॅनोगास्टरच्या एक्सवरही असंच एक जनुक सापडलं, ते बिघडलेलं असलं की मुलगे जगतात. म्हणजे आईच्या एक्सवरचं एक जनुक आणि बापाकडच्या दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक, ही दोघं एका घरात आली की मुलगा जातो. दोघांतलं एक कुठलंही यात्रेला निघालं की घर वाचतं! आणि आपापल्या घरी दोघंही सोन्यासारखी. दोन सासवा एका स्वयंपाकघरात असल्या की काय होतं हे सांगायला आनुवंशिकीची गरज नाही. पुढे असंही दिसलं की या दोन जनुकांची प्रथिनं संकरात गरजेपेक्षा जास्त होतात आणि जिथे बसायचं नाही तिथे जाऊन बसतात. कृती कुणाचीच चुकलेली नसते, माप चुकलेलं असतं.

मग साहजिकच शंका आली की ती एकट्या एक्सला उसकवणारी टोळीच बिघडत असेल का? हैदराबादेत काम करणाऱ्या मणिका पाल-भद्रा आणि उत्पल भद्रा यांनी जेम्स बर्चलर यांच्यासोबत २००६ साली दाखवलं की संकरित नरांत ती टोळी एक्सवर नीट बसतच नाही. वाचणाऱ्यांना वाटलं, सापडला गुन्हेगार. पण २०१० साली अमेरिकेतल्या डॅनियल बार्बाश यांनी संकर करकरून पाहिलं आणि टोळीचं बसणं बिघडतं म्हणूनच मुलगे मरतात हे काही पटत नाही असा निकाल दिला. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. ज्या घरात भांडं पडल्याचा आवाज येतो, त्या घरातलं भांडण भांड्यावरूनच असतं असं नाही.

इथवर आलं की कुणालाही वाटेल, संकर म्हणजे संकट. पुण्याचा भाऊ तर हे वाचून मला पेढे पाठवेल. म्हणून आता मैसूरला जाऊ.

मैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाची मोठी परंपरा आहे. तिथे एका बाजूला आपल्याकडची नासुटा, तिच्या पेशीत आठ गुणसूत्रं. दुसऱ्या बाजूला पूर्वेकडची अल्बोमायकन्स, तिच्या पेशीत सहाच. दोन कुठे गेली? कुठेच गेली नाहीत. तिसरं गुणसूत्र एक्सला आणि वायला जाऊन चिकटलं, घरजावईच झालं म्हणा ना. आता ते साधं गुणसूत्र राहिलं नाही, लिंग-गुणसूत्राचाच भाग झालं. उत्क्रांतीच्या हिशोबाने ही सोयरीक अगदी कालची आहे, पण वायच्या संगतीत गेलेल्या त्या भागातल्या जनुकांचा आवाज आतापासूनच खाली यायला लागला आहे. घरजावई हळूहळू कमी बोलू लागतो, तसं.

मैसूरमध्ये १९८० च्या दशकात रामचंद्र आणि रंगनाथ यांनी या दोघींचा संकर केला. पोरं झाली आणि ती वांझ निघाली नाहीत. मग त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिली. सुरुवातीला आत नुसता गोंधळ, कुणाकडे किती गुणसूत्रं याचा मेळ नाही. पण बऱ्याच पिढ्यांनंतर काही कुळं स्थिरावली. त्यांची गुणसूत्रांची मांडणी ना आईसारखी ना बापासारखी, पण आपली, ठरलेली, पुढे जाणारी. त्यांना शास्त्रज्ञ सायटोरेस म्हणतात. मी त्यांना मनातल्या मनात धारकर म्हणतो.

पात्यांच्या गावात असाच एक माणूस येऊन राहिला होता. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कानडी घरचा, मुंबईला देवधरांकडे शिकलेला. क्षयाने आजारी पडला म्हणून १९४८ साली देवासच्या कोरड्या हवेत आला. काही वर्षं गाणं बंद होतं. त्या वर्षांत खाटेवर पडल्या-पडल्या बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिला, आणि पुन्हा गायला लागला तेव्हा त्या लोकधुनांतून निघालेले नवे राग गाऊ लागला. कुमार गंधर्वांना कुणी हायब्रीड म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हटलं असतं तरी तो सूर ऐकल्यावर गप्पच बसले असते. दोन घराण्यांना एकत्र आणणं कुणालाही येतं, कोणाचा आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, हे मात्र ऐकून ऐकूनच येतं. त्यासाठी मैसूरच्या चिलटांना कितीतरी पिढ्या लागल्या. आम्हाला अजून पाच-सहाच झाल्या आहेत.

निसरपुर आता पाण्याखाली आहे. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि मागे फुगलेलं पाणी आमच्या जुन्या बाजारात शिरलं. ज्या ओट्यावर मी हिंदीचे पाढे मराठी चालीत म्हटले, तो ओटा त्या पाण्यात आहे. गाव उंचावर पुनर्वसनाच्या वसाहतीत गेलं. तिथे कुणाच्या शेजारी कोण हे नव्याने ठरलं, जुन्या गल्ल्या मोडल्या, एका भिंतीच्या दोन बाजूंना पूर्वी कधी न भेटलेली दोन घरं आली. अजून आत गोंधळ आहे, मेळ बसायचा आहे. पण गेल्या श्रावणात तिकडच्या ओळखीच्याने केळी पाठवली आणि त्या फणीसोबत चिलटंही आली. त्यांना वसाहत मानवलेली दिसते.

त्या संध्याकाळी आत्या पदर सावरून उठली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "आत्या, प्रयोगशाळेत यांना काय खायला घालतात माहीत आहे? मैसूरला रवा आणि गूळ शिजवून घालतात."

आत्या थबकली. "म्हणजे शिराच."

"शिराच म्हणा. कुठे कुठे केळंही कुस्करून घालतात."

आत्याने फणीकडे पाहिलं, चिलटांकडे पाहिलं. पदर खांद्यावर परत टाकला. प्रसादाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर, सगळं सव्वाच्या मापाने घ्यायचं, हा तिचा चाळीस वर्षांचा नियम आहे. आमच्या घरात दुसरं कुणी ते माप हातात घेत नाही.

"आणि माप?" तिने विचारलं. "माप बरोबर घेऊन राहिले आहेत ना?"